प्रवासाला पिनकोड नसतो: मोबाइल कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
पुणे जिल्ह्यात मोबाइल सेवा देणाऱ्या सर्व कंपन्या
आणि इथे स्मार्टफोन विकणाऱ्या सर्व कंपन्या

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझी तक्रार पुन्हा एकदा परस्पर बंद करण्यात आली. तुमच्यापैकी एका सेवा कंपनीचा मेसेज आला. आपल्या पत्त्याच्या परिसरातलं नेटवर्क तपासलं, ते व्यवस्थित आढळलं, म्हणून तक्रार निकाली काढली आहे, असा त्याचा आशय होता. माझ्या घरी रेंज व्यवस्थित आहे हे मलाही माहीत आहे. तक्रार घराची नव्हतीच. ती तळेगाव ते शिवाजीनगर या रोजच्या लोकल प्रवासाची होती. पण तक्रारीच्या फॉर्ममध्ये प्रवास लिहायला जागाच नाही. पिनकोड टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी राहते तिथला पिनकोड टाकला, तुम्ही तिथलीच रेंज तपासली आणि विषय संपवला.

हे मला मान्य नाही. लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत रोज ये-जा करणाऱ्या हजारो लोकांचा दिवसातला बराच वेळ दोन पिनकोडांच्या मधे जातो. त्या मधल्या वेळेचेही पैसे आम्ही रिचार्जमध्ये भरतो. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी शिवाजीनगर भागातल्या एका रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. मला जन्मापासून दिसत नाही. सकाळी आठची पाळी असते, त्यामुळे सात वाजता मी लोकलमध्ये असते. आकाशवाणी पुण्याच्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या हे माझं वर्तमानपत्र आहे. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला होता. त्यावर केवढा गदारोळ झाला आणि तो निर्णय कसा स्थगित करावा लागला, हे पुणेकरांच्या लक्षात असेल. तेव्हा टिकून राहिलेलं ते बातमीपत्र आज माझ्या कानापर्यंत पोचत नाही. कारण तळेगाव सोडल्यावर बातम्या सुरू होतात आणि देहूरोडच्या आसपास त्या तुटतात.

ट्रान्झिस्टर का नेत नाही, असं काही जण विचारतात. नेऊन पाहिला. पुणे केंद्र मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झवर आहे आणि विजेच्या गाडीत मिडियम वेव्हवर खरखरीपलीकडे फारसं काही ऐकू येत नाही. त्यामुळे 'न्यूज ऑन एअर' ॲपवरचं थेट प्रक्षेपण हाच माझा मार्ग. 'डाउनलोड करून ठेवा' हा सल्ला कस्टमर केअरकडून मिळतो. पुस्तकं मी तशीच ऐकते. दृष्टिहीनांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालया'तून रात्री घरी उतरवून घेते. पण ज्या बातम्या अजून सांगितल्याच गेल्या नाहीत, त्या आदल्या रात्री कशा उतरवणार?

आता मुद्द्याचं.

आवाजाला डेटा किती लागतो, हे आधी लोकांना कळायला हवं. सेकंदाला ६४ किलोबिट वेगाने चालणारं प्रक्षेपण तासाला ३० एमबीसुद्धा वापरत नाही. दहा मिनिटांचं बातमीपत्र पाच एमबीत बसतं. तुमच्या जाहिराती वेगाबद्दल बोलतात, सिनेमा किती सेकंदांत उतरेल ते सांगतात. मला वेग नको आहे. तुम्ही देता त्याच्या किती तरी कमी वेगात माझं काम भागतं, फक्त तो वेग अखंड हवा. ऐकणाऱ्याचं ॲप काही सेकंदांचा आवाज पुढे साठवून ठेवतं आणि रेंज तेवढ्या वेळात परत आली तर खंड कळतही नाही. रेकॉर्ड केलेल्या गाण्याचा किंवा व्याख्यानाचा साठा मोठा करता येतो. थेट प्रक्षेपणात तो छोटाच राहतो. म्हणजे लोकलमधली सेवा चांगली की वाईट हे ठरवायचं असेल, तर तिथे रेंज सलग किती वेळ जाते हे मोजायला हवं. नेमकं तेच कुणी मोजून जाहीर करत नाही.

म्हणून मी माझ्यापुरतं मोजलं. माझ्याकडे दोन फोन आहेत. एक जुना, स्वस्तातला. दुसरा नवा, त्याच्या दुपटीहून महाग. दोन्हींत एकाच कंपनीची सिमकार्डं टाकली आणि दोन्ही फोन ४जीवर ठेवले. दोन्हींवर तेच प्रक्षेपण लावलं. जुन्या फोनचा इअरफोन डाव्या कानात आणि नव्याचा उजव्या कानात. हे सगळं गाडीत बसल्यावर, कारण फलाटावर माझे कान मला दुसऱ्या कामासाठी लागतात. मला खिडकीबाहेरचं दिसत नसलं तरी गाडी कुठे आहे ते कळतं. दापोडी आणि खडकीच्या मधे मुळा नदीच्या पुलावर रुळांचा आवाज बदलतो. आकुर्डी कुठली आणि चिंचवड कुठलं, हे डब्यात चढणाऱ्या बायकांच्या बोलण्यावरून समजतं. कुठला कान कुठे गप्प झाला ते मी बोलून नोंदवत गेले.

यातून तीन वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या आणि त्यांची जबाबदारीही वेगवेगळ्या लोकांची आहे.

पहिली गोष्ट. बेगडेवाडी ते देहूरोडच्या दरम्यान दोन्ही कान एकदम गप्प होतात. फोन कुठलाही असो, सिम तेच असेल तर आवाज जातो. हा प्रश्न टॉवरचा आहे, म्हणजे सेवा कंपन्यांचा. आमच्याच डब्यातून पॉलिटेक्निकला जाणारी एक मुलगी स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं ऐकत असते. तिचं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे. माझे दोन्ही कान गप्प असतात तेव्हा तिचं व्याख्यान चालू असतं. पुढे पिंपरीच्या अलीकडे उलटं होतं. मी ऐकत असते आणि ती माझ्याकडे हॉटस्पॉट मागते. म्हणजे त्या जागी लहरी पोचूच शकत नाहीत असं नाही. कुणाचा तरी टॉवर तिथपर्यंत पोचतो आहे.

देहूरोड आणि खडकी हे कँटोन्मेंटचे भाग आहेत. तिथे टॉवर उभारायला संरक्षण खात्याच्या परवानग्या लागतात आणि त्यांना वेळ लागतो, हे मला मान्य आहे. पण एका कंपनीची सेवा जिथे चालते, तिथे दुसरीची का चालत नाही याचं उत्तर 'लष्करी हद्द' असं असू शकत नाही. १७ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने 'डिजिटल भारत निधी'तून उभारलेल्या ४जी टॉवरवर इंट्रा सर्कल रोमिंग सुरू केलं. त्यात एका कंपनीच्या टॉवरवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकालाही सेवा मिळते. ती सोय दुर्गम गावांसाठी आहे आणि ती आधी तिथेच हवी होती. पण जी गोष्ट डोंगरातल्या गावात करता येते, ती रेल्वेमार्गावरच्या दोन-चार किलोमीटरांच्या पट्ट्यात आपसात करार करून का करता येऊ नये?

दुसरी गोष्ट फोनची. खडकीच्या आसपास फक्त माझा उजवा कान गप्प होतो. डावीकडे बातम्या चालूच राहतात. मी सिमकार्डं अदलाबदल करून पाहिलं, फोन वेगळ्या खिशात ठेवून पाहिले, इअरफोन बदलले. गप्प होणारा फोन नवाच. घरी एकाच टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून सेटिंगमधला सिमचा तपशील टॉकबॅककडून, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीकडून, वाचून घेतला. जुना फोन उणे ९० च्या आसपासचा आकडा सांगतो आणि नवा उणे ९८ च्या. हा आकडा डीबीएम या लहरीची ताकद मोजायच्या एककात असतो. तो जितका शून्यापासून दूर, तितकी रेंज कमी. दर १० डीबीला पोचणारी शक्ती दहापट घटते. फोन स्वतःबद्दल सांगतो तो आकडा प्रयोगशाळेइतका काटेकोर नसतो आणि दोन फोन कधी वेगळ्या बँडवरही, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या वेगळ्या पट्ट्यावरही, असतात. म्हणून मी आकड्यापेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवला. पण कानानेही तेच सांगितलं.

फोन कंपन्यांनो, हा भाग मला सविस्तर लिहायचा आहे, कारण तुम्हाला याबद्दल कुणी विचारतच नाही. रेंज आली नाही की लोक सेवा कंपनीला फोन करतात.

दुकानात मी नवा फोन घेतला तेव्हा विक्रेत्याने कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती एमएएचची, प्रोसेसर कुठला, सगळं सांगितलं. कॅमेऱ्याचा मला उपयोग नाही हे सांगूनही सांगितलं. पण हा फोन कमकुवत लहर पकडण्यात कसा आहे, हे त्याला माहीत नव्हतं. खोक्यावर नव्हतं आणि तुमच्या संकेतस्थळावरही नव्हतं. ज्याला आपण फोन म्हणतो त्याचं मूळ कामच ते, आणि त्याचाच आकडा गायब.

मोजमाप करता येत नाही असं नाही. बंद खोलीत, ठरलेल्या पद्धतीने, डोक्याजवळ आणि हातात धरून, फोन किती कमी लहरीपर्यंत तग धरतो हे प्रयोगशाळा मोजतात. ते आकडे तुमच्याकडे असतात. डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गेर्ट फ्रोलुंड पेडरसन यांनी उत्तर युरोपातल्या देशांच्या नॉर्डिक मंत्रिपरिषदेसाठी २०१६ मध्ये बाजारातले २६ फोन तपासले. फोनाफोनांत मोठा फरक निघाला. एकच फोन डाव्या हातात आणि उजव्या हातात वेगळा वागतो हेही दिसलं, कारण अँटेना कडेला असतात आणि हात नेमका त्यांच्यावर पडतो. त्या देशांतल्या ग्राहकांना हे कळलं. आमच्यापर्यंत मात्र असा कुठलाही आकडा पोचत नाही.

शिवाय, आपल्याकडे फोनच्या लहरींचा एक आकडा सांगणं आधीच बंधनकारक आहे. शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींच्या प्रमाणाला सार (एसएआर) म्हणतात आणि त्याची मर्यादा २०१२ मध्ये किलोग्रॅमला १.६ वॉटवर आणली गेली. आज कुठल्याही फोनवर *#०७# दाबलं की त्याचा सार कळतो. टॉकबॅक तो मला वाचूनही दाखवतो. फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जातात हे सांगता येतं, तर फोन स्वतः लहर किती पकडतो हेही सांगता आलं पाहिजे.

आणि त्या रेंजच्या काड्या! चार काड्या म्हणजे नेमकं काय, याचं सर्व कंपन्यांना लागू असं एकच माप नाही. कुठल्या आकड्याला किती काड्या दाखवायच्या हे ज्याचं तो ठरवतो. जुलै २०१० मध्ये ॲपलने स्वतः जाहीरपणे मान्य केलं होतं की आयफोनमधलं काड्या ठरवण्याचं सूत्र पूर्णपणे चुकीचं होतं आणि कित्येकदा प्रत्यक्षापेक्षा जास्त काड्या दिसत होत्या. त्यांनी सॉफ्टवेअर बदलून ते दुरुस्त केलं. तो प्रसंग जुना झाला, पण काड्यांना आजही सर्वमान्य व्याख्या नाही. डोळस माणूस काड्या पाहतो, मला टॉकबॅक 'सिग्नल चार बार' असं सांगतो, आणि दोघांनाही त्यातून पक्कं काही कळत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त चीड आणणारी आहे. चिंचवडला गाडी फलाटावर उभी असते, फोन पूर्ण रेंज सांगतो, आणि दोन्ही कानांत शांतता असते. तीच गाडी दोन स्टेशनं पुढे गेली की आवाज परत येतो. लहर जोरदार आहे, पण त्या टॉवरवर एकदम भरलेली गाडी आणि भरलेला फलाट येऊन पडतो आणि वाट्याला काही येत नाही. रात्री किंवा दुपारी तपासलं तर तिथे सगळं उत्तम दिसेल. तुमचा माणूस सकाळी साडेसातला येऊन बघत नाही.

धावत्या गाडीत आणखी एक अडचण असते. फोन सतत शेजारच्या टॉवरची ताकद मोजून कळवत राहतो आणि वेळ आली की सध्याचा टॉवर त्याला पुढच्याकडे सोपवतो. ही सोपवणी उशिरा झाली किंवा पुढचा टॉवर पुरेसा जवळ नसला, तर जोडणी तुटते आणि फोनला सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. मी बोर्डावर बसते तेव्हा अतिदक्षता विभागातून रिसीव्हर उचलल्याची खात्री झाल्याशिवाय नातेवाइकाची लाइन सोडत नाही. टॉवरांनीही तसंच वागायला हवं आणि ते तसं बसवणं हे तुमच्या अभियंत्यांचं काम आहे. या मार्गावर ५जी चालू ठेवलं की अडचण वाढते. फोन ५जीच्या क्षीण लहरीला धरून राहतो, मग ४जीवर येतो, पुन्हा ५जीकडे जातो, आणि प्रत्येक अदलाबदलीत आवाज अडखळतो. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि पुणे पहिल्या शहरांमध्ये होतं. पण मला बातम्या नीट ऐकायच्या असतील तर ते बंदच ठेवावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही सगळे निकष पूर्ण करतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. कॉल तुटण्याचं प्रमाण, डेटाचा वेग, विलंब अशा अनेक गोष्टी त्यांत मोजल्या जातात. पण आमच्या हाती येणारे आकडे बहुतेक सर्कलचे असतात. आमचं सर्कल म्हणजे मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. एवढ्या मोठ्या सरासरीत देहूरोडचा एक पट्टा दिसणारच नाही. तुम्ही निकषात बसत असाल, तरीही माझ्या बातम्या रोज त्याच जागी तुटतात.

त्याच नियमांनी तुम्हाला कुठे कुठली सेवा मिळते याचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले. पाऊल चांगलं आहे. पण मी तो नकाशा उघडला तेव्हा टॉकबॅकने 'प्रतिमा' एवढंच सांगितलं. रंगांत दाखवलेली माहिती मला शून्य आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातलं ४२ वं कलम माहिती आणि संपर्काच्या साधनांपर्यंत आम्हाला पोचता यावं याबद्दलच आहे. माझ्या मैत्रिणीने नकाशा पाहून सांगितलं की तळेगाव ते पुणे सगळा मार्ग रंगवलेला आहे, मधे कुठेही कोरी जागा नाही. तो रंग उघड्यावरची रेंज दाखवत असेल. पत्र्याच्या डब्यात, माणसांच्या गर्दीत, ताशी ऐंशीच्या वेगात काय उरतं, ते तो दाखवत नाही.

'पोर्ट करा' असंही सांगितलं जातं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे आणि ती फार चांगली आहे. पण देहूरोडसाठी पोर्ट केलं तर पिंपरीला अडचण. एकदा बदलल्यावर पुन्हा बदलायला ९० दिवस थांबावं लागतं. आणि कोण कुठे चालतं हे आधी कळायला माझ्याकडे काय साधन आहे? तीन-चार सिमं विकत घेऊन आठवडाभर फिरायचं?

तक्रारीची वाटही बंदिस्त आहे. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण. नियामक एकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. त्यामुळे तुम्ही 'निकाली' म्हटलं की माझ्यासारखीला पुढे फारसं कुठे जाता येत नाही.

या सगळ्यात मी एकटी नाही. आमच्या डब्यात भोसरीच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका आहेत, मंडईत माल नेणाऱ्या आहेत, रात्रपाळी करून परतणाऱ्या परिचारिका आहेत. कुणी कीर्तन ऐकतं, कुणी इंग्रजी बोलायला शिकवणारे धडे, कुणी मुलाच्या शाळेतून आलेला आवाजी निरोप. उभ्याने प्रवास करताना, एका हाताने वरची कडी धरलेली असताना, वाचणं कुणालाच जमत नाही. ऐकणं जमतं. गर्दीच्या लोकलमध्ये शिकायची आणि जगाशी जोडलेलं राहायची हीच एक सोय कष्टकरी माणसाला आहे. त्यामुळे याला कुणी करमणुकीचा प्रश्न म्हणू नये.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सेवा कंपन्यांनी तक्रारीच्या फॉर्ममध्ये 'कुठून कुठे' हा पर्याय द्यावा, स्टेशनांच्या किंवा चौकांच्या नावांनी आणि वेळेसह. प्रवासातली तक्रार प्रवासाच्या वेळी, चालत्या गाडीत तपासावी. तक्रार करणाऱ्याला विचारल्याशिवाय ती बंद करू नये.

पुणे–लोणावळा लोहमार्गाचं मोजमाप सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत, डब्याच्या आतून व्हावं. दोन-दोन स्टेशनांच्या दरम्यान कमी वेगाचं थेट ध्वनिप्रक्षेपण कितीदा आणि किती सेकंद तुटतं, ते प्रत्येक कंपनीसाठी जाहीर करावं. नियामक प्राधिकरण शहरांत, महामार्गांवर आणि रेल्वेमार्गांवर ड्राइव्ह टेस्ट, म्हणजे उपकरणं घेऊन फिरत केलेली नेटवर्कची चाचणी, घेतंच. तुमच्याकडेही तशी गाडी आणि उपकरणं आहेत. हीच पद्धत पुढे हिंजवडी, चाकण, सासवड, सिंहगड रस्ता या रोजच्या वाटांना लावता येईल. निकाल साध्या मजकुरात द्यावेत, रंगीत चित्रात नको, आणि मराठीत द्यावेत.

जिथे एका कंपनीचा टॉवर पोचतो आणि दुसऱ्यांचा नाही, त्या पट्ट्यांत टॉवर वाटून घ्यावेत किंवा रोमिंग द्यावं. जिथे कुणाचाच पोचत नाही, तिथे परवानगी कुणाकडे अडली आहे आणि अर्ज कधी केला आहे ते तारखेसह सांगावं. परवानगी सरकारी खात्याकडे अडली असेल, तर आम्ही प्रवासी तिकडे जाऊन पाठपुरावा करू. पण अर्ज झाला आहे की नाही हे आधी कळू द्या.

फोन कंपन्यांनी प्रत्येक फोनच्या खोक्यावर आणि संकेतस्थळावर त्याची लहर पकडण्याची क्षमता सारच्या शेजारी छापावी, हातात धरलेला असताना आणि डोक्याजवळ असताना, भारतात वापरल्या जाणाऱ्या बँडवर. फोन कुठले बँड पकडतो तेही ठळक लिहावं. कमी फ्रिक्वेन्सीचे बँड लांब पोचतात आणि भिंतीतून, डब्यातून आत येतात, त्यामुळे एखादा बँड नसला तर ग्राहकाला ते विकत घेण्याआधी समजायला हवं. काड्यांची व्याख्या सगळ्यांनी मिळून एक करावी.

आणि एफएम. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये उत्पादकांच्या संघटनांना कळवलं होतं की फोनमध्ये एफएम असेल तर ते बंद ठेवू नका आणि नसेल तर द्या. माझ्या जुन्या फोनमध्ये ते आहे, नव्यात नाही. पावसाळ्यात वीज जाऊन टॉवर बंद पडतात तेव्हा एफएमला कुठल्याही टॉवरची गरज नसते, फक्त वायरचा इअरफोन लागतो. एफएम पुन्हा द्या.

या पत्राची प्रत नियामक प्राधिकरणाला पाठवते आहे. या मार्गावर प्रवास करणाऱ्यांनी आपापला पट्टा, वेळ आणि कंपनी लिहून स्वतःच्या तक्रारी नोंदवाव्यात. पत्त्याच्या रकान्याखालच्या वर्णनात पहिलीच ओळ 'ही तक्रार प्रवासातली आहे' अशी लिहा. सिमकार्डं अदलाबदल करून बघता आलं तर जरूर बघा, म्हणजे दोष टॉवरचा की फोनचा हे तुम्हालाच कळेल आणि कंपन्यांना तो एकमेकांवर ढकलता येणार नाही.

कंपन्यांकडून मला ३० दिवसांत लेखी उत्तर हवं आहे. तक्रार क्रमांक संबंधित कंपनीकडे नोंदलेला आहे. उत्तर स्कॅन केलेल्या कागदाचं चित्र करून पाठवू नये. साध्या मजकुरात पाठवावं, म्हणजे ते मला कुणाच्या मदतीशिवाय वाचता येईल.

आपली,
तळेगाव–शिवाजीनगर मार्गावरची एक प्रवासी आणि ग्राहक